मदत हवी आहे: शार्लट ब्राँटे आणि तिचा प्रकाशक

नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर शार्लटच्या ‘जेन एअर’ कादंबरीवर बोलायचंय. गोष्ट सगळ्यांना पाठ, म्हणून मी पैशांकडे वळले आणि तिथंच अडकले.

लंडनच्या ‘स्मिथ, एल्डर’ या प्रकाशनसंस्थेने १८४७ मध्ये ती कादंबरी हक्कांसकट घेतली १०० पौंडांना, मागाहून भर घालून एकूण ५००. त्याच संस्थेच्या जॉर्ज स्मिथने १८६२ मध्ये जॉर्ज एलियट या लेखिकेला ‘रोमोला’ कादंबरीसाठी तब्बल ७,००० मोजले!

हा फरक नावाचा, की ‘रोमोला’ त्याच्या मासिकात क्रमशः छापली त्याचा? या व्यवहारांवर वाचण्याजोगं काही सुचवाल का? मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं.