इनडिझाइनमध्ये फुटणारी जोडाक्षरं
युनिकोड मजकूर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केल्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर पडते, जोडाक्षरं फुटतात, मग फॉन्ट बदलून पाहा असं सुचवलं जातं. पण दोष बहुधा फॉन्टचा नसतो, कंपोझरचा, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी लावणाऱ्या सेटिंगचा असतो. पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. एकही फाइल उघडी नसताना निवडलात तर पुढच्या सगळ्या नव्या फायलींना तोच लागू होतो. जुन्या फायलींत मात्र पॅराग्राफ स्टाइलमधल्या ‘जस्टिफिकेशन’मध्ये जाऊन बदलावा लागेल. आमच्या कार्यालयात एका अहवालाची चाळीस पानं आम्ही हाताने दुरुस्त करत बसलो होतो, तेव्हा हे कुणी सांगायला हवं होतं!

पेजमेकर या जुन्या मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये हा उपाय नाही, त्याला युनिकोड कळतच नाही. तिथला श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला) मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि रफार डोळ्यांनी तपासाच.