रेंटल कार: 'राहण्याचा देश' बदलला की भाव का बदलतो?

अक्कलकोटरोड_टॉवेलवाला:

नमस्कार मंडळी, एक अडचण आहे, परदेशात गाडी भाड्यानं घेतलेल्यांनी जरा सांगा.

जूनमध्ये अमेरिकेला जायलोय, मी, बायको आणि आई. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतात. त्यांच्याकडं थोडं राहून मग आठ दिवस गाडी घेऊन फिरायचं ठरलंय, योसेमिटी आणि तिथून समुद्राकडेच्या रस्त्यानं लॉस एंजेलिसपर्यंत. परवा जेवणं झाल्यावर व्हिडिओ कॉलवर बसलो, जावई त्यांच्या लॅपटॉपवर आणि मी इकडं माझ्या, साइट एकच, गाडी तीच, तारखा त्याच, घ्यायची-सोडायची जागा तीच. त्यांना दिसले ४१२ डॉलर आणि मला ६५५. आधी वाटलं माझ्याकडून तारीख चुकली, परत सगळं भरलं तरी तेच. शेवटी मुलीच्या लक्षात आलं की वर एक छोटा रकाना आहे, राहण्याचा देश, माझ्याकडं तिथं भारत आपोआप आलेलं आणि त्यांच्याकडं अमेरिका. मी तिथं अमेरिका केलं की ४१२, परत भारत केलं की ६५५. चार-पाच वेळा करून बघितलं, दर वेळी तेच.

२४३ डॉलरचा फरक म्हणजे वीस हजाराच्या वर जातो हो. वेरूळला आपल्याला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० हे मला माहीत आहे, पण ते सरकारी तिकीट आहे, खिडकीवर बोर्ड लावलेला असतो, ज्याला जायचं तो वाचून जातो. इथं कुणी काही सांगत नाही, गुपचूप भाव वाढतो, याचा राग आला. तीस वर्षं धंदा करतोय, गिऱ्हाईक कुठल्या गावचं आहे बघून टॉवेलचा भाव कधी बदलला नाही.

माझे प्रश्न दोन. हे कायद्यात बसतं का? आणि मी सरळ अमेरिका निवडून जावयाच्या पत्त्यावर बुकिंग केलं तर काय बिघडतं?

सोलापुरी_पोरगं:

काका, व्हीपीएन लावून बघा ना, म्हणजे आपण दुसऱ्या देशात बसलोय असं साइटला दाखवणारं ॲप, तिकडचा सर्व्हर निवडायचा की विषय संपला. माझ्या मित्रानं हॉटेल असंच बुक केलं होतं.

नवीपेठ_विमा:

व्हीपीएननं काही होणार नाही बाळा, त्यांनी स्वतःच रकाना बदलून बघितलाय, भाव त्या रकान्यावर चाललाय.

साहेब, राग समजू शकतो पण तुम्ही दोन वेगळ्या वस्तूंचे भाव शेजारी ठेवून बघायलाय. बावीस वर्षं गाड्यांच्या विम्याचं काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत राहणाऱ्या माणसाकडं स्वतःच्या गाडीची पॉलिसी असते आणि ती बहुतेक वेळा भाड्याच्या गाडीलाही चालते. वर तिथल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर असतं. म्हणून तिथल्या गिऱ्हाइकाला कंपनी नुसती गाडी दाखवते, विमा वगैरे काही न धरता, कारण त्याला ते दोनदा विकत घ्यायला नको असतं. तुमचं तसं नाही. तुमच्या दारातल्या एमएच १३ गाडीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती आहे. जादा प्रीमियम भरून हद्द वाढवता येते पण कुठपर्यंत, तर बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. कॅलिफोर्निया त्यात नाही. म्हणजे तुम्ही नुसती गाडी घेतली तर तुमच्या डोक्यावर काहीच छत्र नाही, आणि हे कंपनीला माहीत असतं, म्हणून बाहेरच्या देशातल्या माणसाला दाखवायच्या भावात बऱ्याचदा दोन गोष्टी आधीच घातलेल्या असतात.

पहिली एलडीडब्ल्यू, म्हणजे लॉस डॅमेज वेव्हर. हा खरं म्हणजे विमा नाही, गाडीचं नुकसान झालं किंवा गाडी चोरीला गेली तर आम्ही तुमच्याकडून वसूल करणार नाही असं कंपनीनं लिहून दिलेलं असतं. अटी मोडल्या, म्हणजे दारू पिऊन चालवली किंवा कागदावर नाव नसलेल्या माणसाच्या हातात दिली, की ते उडतं.

दुसरी गोष्ट समोरच्याचं नुकसान, आपण थर्ड पार्टी म्हणतो ते. इथंच आपली माणसं फसतात. आपल्याकडं थर्ड पार्टीत माणूस गेला किंवा जखमी झाला तर भरपाईला वरची मर्यादा नाही, कोर्ट ठरवेल ते विमा कंपनी भरते, मर्यादा फक्त मालमत्तेच्या नुकसानीला आहे. अमेरिकेत तसं नाही, तिथं प्रत्येक राज्याची किमान रक्कम ठरलेली असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एका माणसाच्या इजेला ३० हजार डॉलर, एका अपघातात सगळ्यांचे मिळून ६० हजार आणि मालमत्तेला १५ हजार. त्याआधी तर १५, ३० आणि ५ हजारच होती. तिथल्या दवाखान्याची बिलं ज्यांनी बघितलीत त्यांना विचारा ३० हजार डॉलर किती दिवस पुरतात. वरचं सगळं गाडी चालवणाऱ्याच्या अंगावर. म्हणून जादा लायबिलिटी, म्हणजे समोरच्याच्या भरपाईचं, कव्हर लागतं आणि तुमच्या ६५५ मध्ये ते असणार असा माझा अंदाज आहे.

आज रात्री एवढंच करा, दोन्ही भावांच्या खाली 'काय काय धरलंय' अशी यादी असते, ती उघडून ओळ ओळ ताडून बघा.

प्रीती_सातरस्ता (सध्या हडपसर):

दादा, तुमचा दुसरा प्रश्न, अमेरिका निवडलं तर काय बिघडतं, याचं उत्तर मी देते कारण आम्ही नेमकं तेच केलं होतं.

२०२३ च्या दिवाळीत लॉस एंजेलिसला गेलो, माझा भाऊ सिएटलला असतो, त्यानं मायेपोटी त्याच्या खात्यातून, त्याचाच देश ठेवून, मिस्टरांच्या नावानं सहा दिवसांची गाडी बुक केली. २६० डॉलर. भारत टाकलं की ४७० दाखवत होतं, आम्ही खूश. विमान उशिरा उतरलं, काउंटरला पोचेपर्यंत रात्रीचे अकरा, मुलगा बॅगेवरच डोकं टेकून झोपलेला. बाईनं मिस्टरांचं लायसन्स मागितलं, ते आपलं महाराष्ट्राचं. तिनं एकदा लायसन्सकडं बघितलं, एकदा स्क्रीनकडं आणि विचारलं की तुम्ही अमेरिकेत राहता का? नाही म्हणाले. मग तुमच्याकडं इथली कार पॉलिसी आहे का? नाही. तिनं अगदी नीट बोलून सांगितलं की हा रेट इथं राहणाऱ्यांसाठी आहे, तुम्हाला कव्हर पाहिजे असेल तर ते इथल्या रोजच्या दरानं घ्यावं लागेल. ३१ डॉलर गाडीचं आणि १७ डॉलर लायबिलिटीचं, रोजचे. सहा दिवसांचे २८८ झाले, म्हणजे एकूण ५४८. जे घरी बसून ४७० ला मिळत होतं ते रात्री अकरा वाजता ५४८ ला घेतलं, टॅक्स वेगळा. मागं लाइन लागलेली, मूल झोपलेलं, तिथं कुठं भांडणार आणि कशावरून भांडणार, चुकीची माहिती आम्हीच भरली होती.

तिनं गाडी दिली हेच नशीब. बुकिंगमधला देश आणि लायसन्सचा देश जुळला नाही तर भाव बदलण्याचा किंवा गाडी नाकारण्याचा हक्क बऱ्याच कंपन्या अटींमध्ये लिहून ठेवतात, हे मी नंतर वाचलं. आणि समजा तिनं काही न विचारता गाडी दिली असती आणि पुढं कुठं ठोकली गेली असती, तर? त्या विचारानं मला अजून कसंतरी होतं. बरोबर वयस्कर आई आहेत ना तुमच्या, असलं काही करू नका.

श्टुटगार्टहून_बार्शीकर:

विमावाल्या साहेबांचं अमेरिकेपुरतं बरोबर आहे, पण सगळा फरक विम्याचाच असतो हे मला पटत नाही. काही फरक निव्वळ बाजार बघून लावलेला असतो.

युरोपात हे प्रकरण गाजलंय. इथं साध्या भावातही नुकसानीचं कव्हर बहुतेक धरलेलं असतं, तरीसुद्धा एका देशातल्या गिऱ्हाइकाला एक भाव आणि शेजारच्या देशातल्याला दुसरा असं चालायचं. तक्रारी इतक्या आल्या की ऑगस्ट २०१४ मध्ये युरोपियन कमिशननं सहा मोठ्या कंपन्यांना पत्र लिहून जाब विचारला की पत्ता भरल्यावर भाव वाढतो किंवा माणसाला दुसऱ्या साइटवर ढकललं जातं, हे कशाच्या आधारावर. पुढं जिओ-ब्लॉकिंगचा, म्हणजे गिऱ्हाईक कुठल्या देशातलं हे बघून अडवण्याविरुद्धचा, नियम आला आणि ३ डिसेंबर २०१८ पासून लागू झाला, त्यात गाडी भाड्यानं देणं हे सरळ बसतं. म्हणजे जर्मनीत राहणाऱ्या माणसानं इटलीतली गाडी इटालियन माणसाला मिळणाऱ्या भावात मागितली तर नुसत्या पत्त्यावरून नाही म्हणता येत नाही.

पण काका, हा नियम युरोपियन युनियनचे नागरिक किंवा इथं राहणारे यांच्यासाठी आहे, सोलापुरात बसून बुकिंग करणाऱ्याला तो लागू नाही. मी भारतीय पासपोर्टवर असून मला लागू कारण मी इथं राहतो, आणि माझे वडील बार्शीहून तीच गाडी बघतात तर त्यांना नाही. पासपोर्ट कुठला याच्याशी त्या रकान्याचा संबंध नसतो, तुम्ही राहता कुठं याच्याशी असतो. मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले तेव्हा मी दोन्ही देश टाकून बघितलं होतं, कव्हर तेच, त्यातली आपण भरायची रक्कम, एक्सेस म्हणतात ती, तीसुद्धा तीच, किलोमीटरची अट तीच, तरी भावात फरक होताच. आणि गंमत म्हणजे त्या वेळी भारतातून स्वस्त पडत होती! म्हणून माझं म्हणणं एवढंच की यादी ताडून बघा हे बरोबर, पण ताडून झाल्यावर जो फरक उरेल तो मुकाट्यानं भरू नका. त्याच कंपनीची भारतातली साइट बघा, एक-दोन एजंट साइट बघा, तिथं खरा देश ठेवूनच भाव खाली येऊ शकतो.

स्वामीकृपा_टूर्स:

मी गाड्या भाड्यानं देतो, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर हीच आमची लाइन. अमेरिकेचं मला काही कळत नाही पण भावाचं कळतं.

पुण्याहून फोन येतो, स्टेशनवरून गाडी पाहिजे, तिन्ही देवस्थानं करायची, किती घेणार. त्याला मी सगळं धरून सांगतो, डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, कारण त्याला इथली काही माहिती नसते आणि मधेच पैसे मागितले की त्याचा मूड जातो, दर्शनाला आलेला असतो माणूस. आपला जुळे सोलापूरचा माणूस फोन करतो तो थेट किलोमीटरचा रेट विचारतो, तीनशे किलोमीटर मिनिमम त्याला पाठ असतं, टोल तो स्वतः भरतो, ड्रायव्हरला जेवायला घालतो. दोघांना सांगितलेला आकडा वेगळा असतो पण माझ्या हातात उरतं ते जवळपास सारखंच. हा आता काही लोक बाहेरची पार्टी बघून दोन हजार वर लावतात, ते मला मान्य नाही, त्यानं गावाचं नाव खराब होतं. तेव्हा साहेब, कुणालाही एकच विचारायचं, सगळं धरून किती आणि त्यात काय नाही. 'काय नाही' हे विचारलं की समोरचा बरोबर बोलायला लागतो.

अक्कलकोटरोड_टॉवेलवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसलो परत, या वेळी वही घेऊन.

विमावाल्या साहेबांचा अंदाज तंतोतंत निघाला. माझ्या ६५५ मध्ये गाडीचं कव्हर आहे, चोरी आहे, जादा लायबिलिटी आहे. जावयाच्या ४१२ खाली यादी उघडली तर त्यात किलोमीटरची सूट आणि टॅक्स सोडून काहीच नाही. मग त्यांच्या भावात दोन्ही कव्हर टाकून बघितली, २८ आणि १६, म्हणजे रोजचे ४४ डॉलर, आठ दिवसांचे ३५२. ४१२ चे ७६४ झाले! म्हणजे माझा भाव महाग नव्हता, १०९ डॉलरनं स्वस्त होता, आणि मी दोन दिवस घरात सगळ्यांवर चिडचिड करत होतो. श्टुटगार्टच्या भाऊंचं ऐकून त्याच कंपनीची भारतातली साइट बघितली, तिथं हीच गाडी हेच कव्हर ६१० ला मिळायलीय. देश भारतच ठेवलाय.

जावई म्हणत होते की मीच चालवतो, माझी पॉलिसी आहे, मग ४१२ च भरू. ते खरं आहे, ते चालवणार असतील तर तो भाव त्यांचा हक्काचाच आहे. पण त्यांना सुट्टी पहिले दोन दिवसच आहे, पुढचे सहा दिवस स्टिअरिंगवर मी. मग कागदावर पण मीच पाहिजे, प्रीतीताईंचं वाचून हे पक्कं केलं. ते दोन दिवस जादा ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव घालतो.

आता एकच राहिलं, आंतरराष्ट्रीय परमिट काढावं का? आणि पैसे मुलीच्या कार्डावरून भरले तर चालतात का?

प्रीती_सातरस्ता (सध्या हडपसर):

परमिट काढाच दादा. आपलं लायसन्स इंग्रजीत असल्यानं कॅलिफोर्नियात नुसतं लायसन्सही चालतं, पण काही काउंटरवर परमिट मागतात. आरटीओचा फॉर्म ४ए, फी हजार रुपये, वर्षभर चालतं, अर्ज सारथी पोर्टलवर होतो. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाची कॉपी हाताशी ठेवा. मूळ लायसन्स बरोबर न्यायला विसरू नका, नुसत्या परमिटवर गाडी देत नाहीत.

कार्ड मात्र तुमच्याच नावाचं लागेल, मुलीचं काउंटरवर बहुतेक चालत नाही. क्रेडिट कार्डच न्या, डेबिट नको, आणि त्यावर पाच-सहाशे डॉलरची जागा मोकळी ठेवा, डिपॉझिट म्हणून तेवढे अडकवून ठेवतात आणि गाडी परत दिल्यावर सुटायला काही दिवस जातात. मशीनवर रुपयात भरणार की डॉलरमध्ये असं विचारलं तर डॉलर दाबा, रुपयाचा दर ते स्वतःचा लावतात. आणि जायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार चालू करून ठेवा, आमचे तिथं उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात वीस मिनिटं गेली होती.