होस्टिंगवाल्याच्या स्नॅपशॉटला बॅकअप म्हणावं का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकमध्ये मी छोट्या व्यापाऱ्यांचे सर्व्हर सांभाळतो. सगळे क्लाउडमधल्या भाड्याच्या व्हीएमवर (मोठ्या सर्व्हरमधल्या आभासी मशीनवर) आहेत. गेल्या जूनमध्ये एका खत-बियाणे विक्रेत्याच्या व्हीएमवर अपडेट अर्धवट बसलं आणि मशीन बूट होईना. मी निश्चिंत होतो. रोज रात्री २ वाजता होस्टिंग कंपनीचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणीची प्रत, निघत होता, पॅनेलवर वर्षभर हिरवी खूण दिसत होती. आदल्या रात्रीचा स्नॅपशॉट निवडला, जुनं मशीन काढून टाकायच्या चौकटीत टिक केली आणि रिस्टोअर दाबलं. दहा मिनिटांत मशीन उठलं आणि काळ्या स्क्रीनवर थांबलं. मेंटेनन्ससाठी रूटचा (मुख्य ॲडमिनचा) पासवर्ड मागत होतं.

दोन वर्षांपूर्वी जागा कमी पडली म्हणून आम्ही दुसरी डिस्क जोडून डेटाबेस तिच्यावर हलवला होता. स्नॅपशॉटचं वेळापत्रक मात्र पहिल्याच डिस्कला लावलेलं राहिलं. मशीन एफएसटॅबमधली (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीतली) दुसरी डिस्क शोधत होतं. ती जुन्या मशीनबरोबर डिलीट झाली होती.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर डेटाबेसचा ९ दिवसांपूर्वीचा डंप (सगळा डेटा फाइलमध्ये काढलेली प्रत) सापडला म्हणून निभावलं. खरिपाच्या तोंडावरची ९ दिवसांची बिलं दुकानातल्या दोघींनी कार्बन कॉपीवरून पुन्हा टाकली. मी तीन रात्री त्यांच्यासोबत बसलो होतो. एका पुसट बिलावर युरियाच्या गोण्या १ की ९ हे कोणालाच लागेना. शेवटी मालकांनी त्या शेतकऱ्याला फोन करून विचारलं. माणूस सरळ, ९ म्हणाला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. त्याच कंपनीकडे, त्याच अकाउंटमध्ये पडलेला स्नॅपशॉट हा बॅकअप नाही. बॅकअप दुसऱ्याच कंपनीकडे हवा, आणि दर तीन महिन्यांनी तो प्रत्यक्ष उभा करून त्यातून एक बिल छापून पाहायला हवं. हे करत नसू तर क्लायंटला 'बॅकअप आहे' असं सांगू नये. तुमचं मत काय?

---

पहाटपाळी

बारा वर्षं होस्टिंगच्या सपोर्टमध्ये रात्रपाळी केली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमचं झालेलं नुकसान वाईट आहे, पण आरोपी चुकीचा पकडलाय. डिस्क स्नॅपशॉटच्या वेळापत्रकात घेतली नाही तुम्ही, जुनं मशीन पुसलं तुम्ही. स्नॅपशॉटने सांगितलेल्या डिस्कची प्रत काढली आणि दहा मिनिटांत परत दिली. दुसऱ्या कंपनीकडे बॅकअप ठेवला असता तरी तिथेही पहिलीच डिस्क गेली असती.

माझ्या पाळीत येणारी तक्रारींची तिकिटं कसली असतात? चुकून टेबल उडवलं, अपडेट फसलं, कोणीतरी चुकीच्या फोल्डरवर डिलीट चालवलं. अशा वेळी जवळचा स्नॅपशॉटच कामाला येतो. ५०० जीबीचा बॅकअप दुसरीकडून १०० एमबीपीएसच्या लाइनवर ओढायचा तर लाइन पूर्ण मोकळी असूनही ११ तास लागतात. तोवर दुकान बंद ठेवायचं का?

शिवाय 'त्याच ठिकाणी' हा शब्दही तपासून वापरा. ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या ईबीएस डिस्कचा स्नॅपशॉट त्या डिस्कशेजारी राहत नाही. तो एसथ्री या त्यांच्या वेगळ्या फाइल-साठ्यात जातो आणि तिथे एकाच रीजनमधल्या (भौगोलिक विभागातल्या) वेगवेगळ्या डेटा सेंटरांत ठेवला जातो. महिन्याला दोन-तीन हजार देणाऱ्या दुकानदारावर दुसऱ्या कंपनीचं बिल लादण्याआधी याचा विचार व्हावा.

---

गोदाकाठ

चूक माझी होती, वर तसंच लिहिलंय. पण ती चूक वर्षभर हिरव्या खुणेखाली झाकून राहिली, आणि एकदा जरी रिस्टोअर करून पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. माझा मुद्दा तो आहे.

ठिकाणाचं म्हणाल, तर सगळ्याच कंपन्या ॲमेझॉनसारखी रचना करत नाहीत. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीची एसबीजी२ ही पाच मजली इमारत १० मार्च २०२१ च्या पहाटे जळून खाक झाली, शेजारच्या एसबीजी१ चाही काही भाग गेला. अनेक ग्राहकांच्या सर्व्हरबरोबर त्याच आवारात ठेवलेले बॅकअपही जळाले. आणि ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपरचं काय? ६ लाखांवर सभासदांचा पेन्शन फंड, गूगल क्लाउडवर दोन ठिकाणी प्रती. मे २०२४ मध्ये गूगलच्या बाजूनेच त्यांचं खाजगी क्लाउड डिलीट झालं, दोन्ही ठिकाणचं. दुसऱ्या कंपनीकडे बॅकअप होता म्हणून ते उभे राहिले.

---

पहाटपाळी

युनिसुपरचं उदाहरण सगळे देतात, पण गूगलने नंतर दिलेला खुलासा फारसा कोणी वाचलेला नसतो. त्यांच्या एका कर्मचाऱ्याने आतल्या टूलमधून ते क्लाउड तयार करताना एक रकाना रिकामा सोडला. त्यामुळे त्याला आपोआप एक वर्षाची मुदत लागली आणि वर्ष भरताच ते पुसलं गेलं. पण त्याच खुलाशात असंही आहे की गूगलच्याच क्लाउड स्टोरेजमध्ये, त्याच रीजनमध्ये ठेवलेल्या बॅकअपला धक्का लागला नव्हता, आणि सिस्टीम परत उभी करायला तो उपयोगी पडला. म्हणजे त्याच कंपनीकडचा बॅकअपही कामाला आला.

युनिसुपरच्या 'दोन ठिकाणच्या प्रती' या रेप्लिका होत्या. रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे, हे मला शंभर टक्के मान्य. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं.

---

रानजाई

तुम्ही दोघंही व्हीएम वाचवायला धडपडताय. मी म्हणते, व्हीएम वाचवायचीच कशाला?

आमच्या टीममध्ये गेली चार वर्षं एकाही व्हीएमचा बॅकअप घेत नाही. मशीन कसं बांधायचं ते टेराफॉर्म आणि ॲन्सिबल या टूलच्या फाइलींमध्ये लिहिलेलं आहे. मशीन मेलं की नवं उभं करायचं. बॅकअप फक्त डेटाचा: रोज रात्री डेटाबेसचा डंप, आणि मधल्या बदलांसाठी दर पाच मिनिटांनी लॉगची फाइल बाहेर. पूर्ण व्हीएमच्या स्नॅपशॉटमध्ये जुनं लिनक्स, जुनी भोकं आणि घुसलेला व्हायरससुद्धा जसाच्या तसा परत येतो.

आणखी एक गोष्ट. चालू मशीनचा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जे उरतं ते. मायएसक्यूएल डेटाबेसचं इनोडीबी हे इंजिन लॉग वाचून त्यातून सावरतं, हे खरं. पण डेटा एका डिस्कवर, लॉग दुसऱ्या डिस्कवर आणि दोन्हींचे स्नॅपशॉट अर्ध्या मिनिटाच्या फरकाने घेतलेले असतील, तर डेटाबेस उठेलच याची खात्री कोणी देऊ नये. एकतर सगळ्या डिस्कचा एकाच क्षणी घ्या, नाहीतर व्हीएमच्या आत गेस्ट एजंट हे छोटं सॉफ्टवेअर टाकून फाइलसिस्टीम क्षणभर गोठवून घ्या. विंडोजवर हे काम व्हीएसएस ही तिथली अंगभूत सेवा करते.

---

पहाटपाळी

ताई, गोठवण्याचा मुद्दा अगदी बरोबर, ग्राहकांना मीही हेच सांगत असतो. पण फक्त डंपवर विसंबायचं तर गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटची ३१ जानेवारी २०१७ ची रात्र आठवा. थकलेल्या इंजिनीअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. डंप बघायला गेले तर तिथे काहीच नव्हतं: डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर, डंप घेणारं टूल ९.२ चं, त्यामुळे तो रोज फसत होता. फसल्याची ईमेल जात होती, पण ती समोरच्या मेल सर्व्हरने नाकारली, कोणालाच मिळाली नाही. शेवटी वाचवलं कोणी? टेस्टिंगसाठी हाताने घेतलेल्या ६ तासांपूर्वीच्या एलव्हीएम (लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थेतल्या) स्नॅपशॉटने.

---

रानजाई

ती घटना मी नव्या मुलांना नेहमी सांगते. स्नॅपशॉट श्रेष्ठ असं मात्र त्यातून मला दिसत नाही. तो स्नॅपशॉट कोणीतरी त्याच दिवशी योगायोगाने घेतला होता, आणि तो परत ओढायलाही १८ तास गेले. तिथे गोदाकाठांचं म्हणणं खरं ठरतं: परत लावून पाहिलेलं काहीच नव्हतं. आमच्याकडे रात्रीचा डंप सकाळी ६ ला एका रिकाम्या मशीनवर आपोआप चढतो, आणि कालच्या ऑर्डरींची संख्या जुळली तरच मेसेज येतो. मेसेज आला नाही की आम्ही उठून बघतो. 'फसलं तर कळवा' अशी व्यवस्था आम्ही ठेवतच नाही.

---

हिशेबनीस

मी सीए आहे, सर्व्हरमधलं फार कळत नाही, पण माझं ऑफिस आणि तीसेक क्लायंट अशाच व्हीएमवर चालतात. म्हणून दोन गोष्टी.

गोदाकाठसाहेब, दुसरी कंपनी निवडताना सर्व्हर कुठे आहे ते बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनी लेखा नियमांत दुरुस्ती झाली. कंपनीने हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवली असतील, तर त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. आधी तिथे ठरावीक कालावधीने असं होतं, आता रोज. हा नियम कंपन्यांना आहे, तुमच्या खतविक्रेत्याचं दुकान प्रोप्रायटरी असेल तर त्याला नाही. पण एखादी प्रायव्हेट लिमिटेड तुमच्याकडे असेल, तर एकमेव बॅकअप स्वस्त पडतो म्हणून युरोपात ठेवून चालणार नाही.

दुसरं, जबाबदारीचं. पहाटपाळी म्हणतात डिस्क तुम्ही घेतली नाही. त्यांच्या करारात तसंच लिहिलेलं असणार. पण माझ्यासारख्याला 'डेली बॅकअप समाविष्ट' एवढंच सांगून विकलं जातं. कुठल्या डिस्कचा, किती दिवस ठेवणार, परत द्यायला किती वेळ, यातलं काही कोटेशनमध्ये नसतं. माझ्या होस्टिंगवाल्याला मी लेखी विचारलं तेव्हा कळलं की ७ दिवसांपूर्वीचं काहीच राहत नाही. मार्चअखेरची नोंद कोणी चुकून पुसली आणि मला ती एप्रिलच्या मध्यावर कळली, तर? आमच्या धंद्यात चूक सात दिवसांत कळतच नाही.

---

पहाटपाळी

हा मुद्दा मी खोडणार नाही. विकणारे अर्धवट सांगतात आणि शिव्या रात्रपाळीला बसतात. जुन्या तारखांचं म्हणाल तर रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२ असं लावून घ्या. पहिल्यानंतरचे स्नॅपशॉट फक्त बदललेला भाग ठेवतात, त्यामुळे बिल वाटतं तितकं वाढत नाही.

---

गोदाकाठ

पण हे सगळे त्याच किल्लीने उघडणारे. पॅनेलचा पासवर्ड चोराच्या हाती गेला तर रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे एका झटक्यात जातील. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कोड साठवणाऱ्या कंपनीचं तेच झालं. हल्लेखोर ॲमेझॉनच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरला, त्याने डिस्क, स्नॅपशॉट, साठे पुसले आणि कंपनी कायमची बंद पडली. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिकवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं, तिथे तर होस्टिंग कंपनीच्याच बॅकअप सिस्टीम एन्क्रिप्ट झाल्या आणि बहुतेक ग्राहकांचा डेटा गेला. अशा वेळी त्याच कंपनीकडे तुमची कितीही अकाउंटं असोत, उपयोग काय?

---

पहाटपाळी

कोड स्पेसेसवर उपाय त्याच कंपनीत आहे. वेगळं अकाउंट, वेगळ्या माणसाचा पासवर्ड आणि एमएफए (पासवर्डखेरीज आणखी एक ओळखतपासणी), आणि साठ्यावर ऑब्जेक्ट लॉक. ॲमेझॉनमध्ये कम्प्लायन्स मोडचं लॉक लावलं की मुदत संपेपर्यंत त्या अकाउंटच्या रूट युजरलाही फाइल पुसता येत नाही. एन्क्रिप्शनची चावी मात्र सांभाळा. चावी गेली तर लॉकमधली फाइल नुसतीच पडून राहते.

क्लाउडनॉर्डिकचं उत्तर माझ्याकडे नाही. लहान होस्टिंगवाला असेल तर डेटाची एक प्रत बाहेर ठेवा, आता मीही म्हणतो. पण फक्त डेटाची, अख्ख्या व्हीएमची नाही. आणि 'स्नॅपशॉट बॅकअप नाही' असं दुकानदारांना सांगू नका. उद्या तो स्नॅपशॉट बंद करून पैसे वाचवेल आणि दुसरं काहीच घेणार नाही. असे लोक मी पाहिलेत.

रिस्टोअरची चाचणी करणार असाल तर एक कळकळीची सूचना. मशीन उठवण्याआधी त्याचं बाहेर जाणारं सगळं नेटवर्क बंद करा. रिस्टोअर झालेल्या मशीनला आपण प्रत आहोत हे माहीत नसतं. त्याचे क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) लगेच चालू होतात.

---

गोदाकाठ

शनिवारी रात्री चाचणी केली. त्याच खतविक्रेत्याचं मशीन, दोन्ही डिस्क, नव्या वेगळ्या अकाउंटमध्ये. पहाटपाळींचं ऐकून बाहेरचं नेटवर्क आधी बंद केलं, हे फार बरं झालं. मशीन उठल्यावर क्रॉन चालला आणि उधारीच्या आठवणीचे २१४ एसएमएस रांगेत लागले, जुन्या बाकीच्या आकड्यांसह. ते गेले असते तर सोमवारी मालकांच्या दारात गावं उभी राहिली असती.

मशीन १४ मिनिटांत उठलं, पण पहिलं बिल छापायला २ तास १० मिनिटं लागली. डेटाबेस सुरुवातीला अतिशय हळू चालत होता. नंतर समजलं की इथे स्नॅपशॉटमधून बनलेल्या डिस्कवरचा प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागच्या साठ्यातून आणला जातो. शिवाय सॉफ्टवेअरचं लायसन्स नेटवर्क कार्डाच्या मॅक ॲड्रेसला (कार्डाच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं निघालं. नव्या मशीनचा मॅक वेगळा, त्यामुळे लॉगिन होईना. डेव्हलपरला रात्री ११ ला उठवून नवी किल्ली घेतली. रानजाईताई, तुमच्या पद्धतीनेही मी इथेच अडकलो असतो.

दुसऱ्या कंपनीचा हट्ट मी सोडलेला नाही. रोजचा डंप आता मुंबईतल्या वेगळ्या कंपनीकडे एन्क्रिप्ट होऊन जातो, डेटाच फक्त, २२ जीबी. स्नॅपशॉटही चालू ठेवलेत. एन्क्रिप्शनचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला आणि मालकांच्या तिजोरीत ठेवलाय. दुसरं पाकीट कोणाकडे ठेवावं? माझ्या घरी ठेवावं की नाही, यावर मालक आणि मी दोघंही अजून साशंक आहोत.

---

हिशेबनीस

तुमच्या घरी नको. तुम्ही उद्या काम सोडलंत तर वाद नको. त्यांच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि पासवर्ड बदलला की पाकीटही बदलायचं हे तुमच्या तिमाही चाचणीच्या कागदावर लिहून घ्या.