घाटंजी ते आर्वी, साडेसात महिन्यांचं लेकरू आणि चेन न लागणारी बॅग

वावरातली माय (प्रश्न)

नमस्कार ताई. माझा मुलगा साडेसात महिन्यांचा आहे. अक्षय तृतीयेला त्याला घेऊन मी माहेरी चालली आहे. घाटंजीजवळच्या खेड्यातून ऑटो, मग घाटंजी ते यवतमाळ, यवतमाळ ते वर्धा आणि वर्धा ते आर्वी. तीन गाड्या बदलायच्या. घरी वखरणी सुरू आहे, त्यामुळे यांना सोडायला येता येत नाही. एका कडेवर लेकरू, एका खांद्यावर त्याची बॅग, माझ्या कपड्यांची थैली वेगळी.

संक्रांतीला गेली होती तेव्हा तो चार महिन्यांचा होता. प्यायचा आणि झोपायचा. तेव्हा जे नेलं तेच काल पुन्हा भरायला बसली: बारा लंगोट, सहा झबली, तीन टोपडी, दोन दुपटी, रबरी कापड, छोटी गादी, तेल, पावडर, काजळाची डबी. चेनच लागेना. आणि यात त्याच्या खाण्याचं अजून काहीच नाही! आता तो बसतो, सरकतो, हाताला येईल ते तोंडात घालतो, वरणाचं पाणी आणि मऊ भात खातो.

सासूबाई म्हणतात, सगळं ने, रस्त्यात कोण देणार आहे. जाऊबाई म्हणतात, चार डायपर आणि एक जोडी कपडे पुरे. मला दोघींचंही खरं वाटते. काय काढू आणि काय घालू? ऊन आत्ताच 43 वर गेलं आहे.

दोन लेकरांची आई

ताई, आधी ती बॅग खाटेवर उलटी कर आणि एकेक झबलं लेकराच्या अंगाला लावून पाहा. बाकीचं मग.

हे का सांगते ते ऐक. मोठी मुलगी नऊ महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट आहे. तिची बॅग मी कायम भरून खुंटीला टांगून ठेवायची. कुठे जायचं म्हटलं की उचलली आणि निघाली. श्रावणात गावाहून पुसदला चालली होती. वाटेत नाल्याला पूर आला, रपट्यावरून पाणी चाललेलं, गाडी अकरा वाजता थांबली ती दोन वाजेपर्यंत हलली नाही. त्यात मुलीला दोनदा पातळ झाली, पार कमरेपर्यंत. मी बॅगेतून पिवळं झबलं काढलं, मागून नाड्या बांधायचं, बारशात आलेलं. डोकं कसंबसं गेलं, हात जाईना. दुसरं काढलं, तेही तसंच. तिसरंही. डायपर काढलं तर त्याच्या पट्ट्या समोर पोहोचेनात. मुलगी पाच महिने वाढली होती आणि बॅग होती तिथेच होती. लेकरू उघडं, बाहेर पाऊस, खिडकीतून वारा. मागच्या सीटवर एक आजोबा होते, त्यांनी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला आणि काही न बोलता माझ्या मांडीवर ठेवला. त्यातच तिला गुंडाळून घरी आणली. त्यांचं गाव विचारायचं राहूनच गेलं. तो दुपट्टा अजून माझ्याकडे आहे, धाकट्याच्या बॅगेत सगळ्यात खाली घडी घालून ठेवलेला असतो.

तेव्हापासून दर महिन्याला, लेकराची जन्मतारीख येते त्या दिवशी, बॅग रिकामी करते. जे अंगाला बसत नाही ते त्याच दिवशी बाहेर. डायपरच्या पाकिटावर किलो लिहिलेले असतात. वजन आशाताई करते, तो आकडा पाहून साइज घ्यायची, महिने पाहून नाही.

आता तुझ्या बॅगेचं. गादी काढ. रबरी कापड काढ. त्या दोघांच्या जागी एक मोठा सुती दुपट्टा घे. तो खाली अंथरता येतो, उन्हात डोक्यावरून घेता येतो, पाजताना आडोसा होतो, ओला करून पिळला तर लेकराचे हातपाय पुसता येतात. टोपडं एकच, सुती. पावडर घरी ठेव, घामात तिचे जांघेत गोळे होतात आणि उडाली की नाकात जाते. काजळाची डबीही राहू दे. तेल मात्र घे, लहान शिशीत, खोबरेल.

लंगोट चार, डायपर पाच. सात-आठ तासांचा प्रवास धर आणि दर तीन तासांनी बदल, भरलं नाही तरी बदल, या उन्हात चट्टे फार लवकर उठतात. यवतमाळच्या स्टँडवर आणि वर्ध्याला दहा मिनिटं त्याला नुसतं मोकळं ठेव. त्याच्या कपड्यांच्या तीन जोड्या, आणि तुझा स्वतःचा एक ब्लाउज किंवा कुर्ता. हा कोणीच घेत नाही! लेकरू ओकलं की पहिले आपण भिजतो, आणि पुढचे चार तास तसंच बसावं लागते.

दोन-तीन पन्न्या घे. एक ओल्या कपड्यांना, एक वापरलेल्या डायपरला. डायपर गुंडाळून पन्नीत बांध आणि कचराकुंडी भेटेपर्यंत जवळच ठेव. खिडकीतून कधीच फेकू नको. आमच्या गावातली एक गाय पन्न्या खाऊन मेली, डॉक्टरनं पोट फाडलं तेव्हा मी तिथे उभी होती. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

खाण्याचं सांगते. घरून खिचडी शिजवून नेऊ नको. 43 डिग्रीत डब्यातलं अन्न फार लवकर खराब होते, वास येण्याच्याही आधी. मी मुगाची डाळ आणि तांदूळ धुवून, वाळवून, खमंग भाजून दळते. दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ. ते पीठ कोरडं न्यायचं, थर्मासमध्ये उकळतं पाणी. स्टँडवर वाटीत दोन चमचे पीठ, वरून गरम पाणी, गुठळ्या मोडल्या की पेज तयार. मीठ-साखर काही लागत नाही. उरलं तर फेकून दे, पुढच्या गाडीसाठी ठेवू नको. सोबत दोन केळी. केळं सालातच असते, लागेल तेव्हा सोलून चमच्यानं कुस्करायचं.

आणि गाडीत कोणी प्रेमानं फुटाणा, शेंगदाणा हातात देईल. घेऊन तुझ्या ओच्यात टाक, त्याच्या तोंडात जाऊ देऊ नको. श्वासनळीत अडकतो.

अंगणवाडीताई

वरच्या ताईंनी बरोबर सांगितलं, मी राहिलेलं सांगते.

लसीकरणाचं कार्ड बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, पन्नीत घालून ठेवा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. माहेरचा मुक्काम लांबला तर तिकडच्या उपकेंद्रातही तो मिळतो, पण आधीचे डोस कोणते झाले ते कार्डावरूनच कळते. माझ्याकडे माहेरवाशिणी येतात, कार्ड सासरी असते, आणि मग फोनवर सासूला तारखा वाचायला लावतो.

ओआरएसची दोन पाकिटं. मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात घालायचं असते. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजानं घालू नका, मिठाचं प्रमाण बिघडलं तर लेकराला त्रास होतो. म्हणून 1 लिटरची बाटलीच सोबत ठेवा, म्हणजे मापाची चिंता नाही. केलेलं पाणी 24 तासांत संपवा, उरलं तर सांडून द्या. पातळ शी सुरू झाली की चमच्या-चमच्यानं द्यायचं आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. झिंकच्या गोळ्या आशाताईकडे मिळतात, त्या 14 दिवस पूर्ण द्यायच्या, शी थांबली तरी.

इथे सहा महिन्यांच्या आतलं लेकरू घेऊन कोणी वाचत असेल तर तिच्यासाठी: उन्हाळा असला तरी पाण्याची बाटली त्याच्यासाठी घेऊ नका. आईच्या दुधात पाणी असते. तुम्ही स्वतः भरपूर प्या. तुमचं लेकरू साडेसात महिन्यांचं आहे, त्याला उकळून गार केलेलं पाणी वाटी-चमच्यानं चालते.

लालपरीवाला

म्या एसटीत वाहक हाये, लेकरंवाल्या बायांचं रोज पायतो म्हणून सांगतो. बॅग वरच्या कॅरिअरवर टाकू नका. गाडी चालू असताना उठून काढता येत नाही, अन् लेकरू तेव्हाच रडते. पायाजवळ ठेवा. मागच्या सीटवर बसू नका, दचके लय बसतात. यवतमाळहून सकाळी निघाल्या तर डाव्या अंगाला बसा, ऊन उजव्या अंगानं येते. वर्ध्याहून आर्वीले दुपारनंतर निघाल तर ड्रायवरच्या बाजूनं बसा. पाच वर्षांच्या आतल्या पोट्ट्याचं तिकीट लागत नाही, तुमचं अर्धं. मोठ्या स्टँडवर हिरकणी कक्ष असते, लेकराले पाजाले. कुलूप दिसलं तर कंट्रोलरले किल्ली मागा, लाजू नका. ते तुमच्यासाठीच हाये.

वावरातली माय

सगळ्यांचे खूप आभार. आत्ता बॅग उलटी केली. सहा झबल्यांपैकी चार बसत नाहीत! जी दोन बसतात त्यातलं एक थंडीचं आहे. चार महिने मी रोज घरात त्याला मोठे कपडे घालून राहिली आणि बॅगेतले पाहिलेच नाहीत. ताई, पुढे ही बॅग कमी होते का?

दोन लेकरांची आई

कपडे कमी होतात, दुसरं काहीतरी येते. चालायला लागला की चपला आणि हात-तोंड धुवायला पाणी, तेव्हा पाण्याचंच ओझं जास्त. दोन वर्षांच्या आसपास डायपर सोडवायला घेतलं की चार-पाच चड्ड्या आणि जुने पेपर. माझा धाकटा आता अडीचचा आहे. त्याच्या बॅगेत दोन चड्ड्या, एक शर्ट, पाणी, मुरमुऱ्यांचा डबा आणि एक लाकडी बैल असतो, तो नसला तर गाडीत बसत नाही. गर्दीत नेते तेव्हा आमचा फोन नंबर कागदावर लिहून त्याच्या खिशात घालून वरून टाके मारते. रामनवमीला पोहरादेवीला एका बाईचं लेकरू हात सुटून गर्दीत गेलं होतं. भेटलं, पण त्या अर्ध्या तासात तिचा चेहरा मी पाहिला आहे.

पोचली की कळव.

वावरातली माय

काल रात्री परत आली. जाताना वर्ध्याला गाडी दीड तास उशिरा लागली, पाचच्या पाच डायपर संपले, येताना सात नेले तर तीन उरले. पेज त्याला आवडली, पूर्ण वाटी खाल्ली. यवतमाळच्या स्टँडवर त्यानं सगळी माझ्या अंगावर ओकली आणि मी कक्षात जाऊन कुर्ता बदलला. पावडर सासूबाईंनी हळूच बाजूच्या कप्प्यात घातली होती, ती तशीच परत आली. चमचा आईकडे राहिला. आई म्हणाली राहू दे, पुढच्या वेळी येशील तेव्हा तो हातानं खात असेल.