रोज एक तास स्वतःसाठी काढा म्हणे! कुठून काढू?

चूलमूल:
पहाटपक्षी यांनी परवा त्यांचं सकाळचं रूटीन टाकलं होतं. ५ ला उठणे, कोमट पाणी, प्राणायाम, पाऊण तास चालणे, भिजवलेले बदाम आणि मग डायरीत कृतज्ञता का काय ते. इथपर्यंत ठीक होतं, माणूस हौशी आहे म्हणून सोडून दिलं असतं. पण शेवटी लिहिलंय, "वेळ मिळत नाही हे निव्वळ निमित्त असतं, स्वतःवर प्रेम असेल तर एक तास निघतोच." तिथेच उत्तर लिहायला बसले, ते एवढं लांबलं की वेगळा धागाच काढला.

पहिला प्रश्न, ते बदाम रात्री भिजत कोण घालतं?

मी डोंबिवलीत राहते, नोकरी फोर्टला. सकाळी ७:५२ ची फास्ट चुकली की पुढचा सगळा दिवस चुकतो. त्याआधी दोन डबे, मुलाचा तिसरा वेगळा कारण त्याला भेंडी चालत नाही, दूध, पाणी भरणे, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवणे. संध्याकाळच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणाऱ्या बायका बघा कधीतरी, त्या काय स्वतःवर प्रेम कमी पडलं म्हणून सोलतायत?

आणि अगदीच वेळ नसतो असंही नाही. सुट्टीच्या शनिवारी दुपारी अर्धा तास मिळतो. आडवी झाले आणि बेल वाजली की मी आधी केस सारखे करते, तोंडावर पाणी मारते आणि मग दार उघडते. झोपले होते हे कळू नये म्हणून. घरात कोणी काही बोलत नाही हो, नवरा तर उलट झोप म्हणतो. तरी होतं. यावर कुठला प्राणायाम आहे तेवढं सांगा.

पहाटपक्षी:
माझं नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देणं भाग आहे. बदाम मीच भिजवतो. (सोलून बायको देते, हे आधीच सांगतो म्हणजे पुढचा धागा वाचेल.)

माझे वडील एसटीत होते. डबल ड्युटी, अवेळी जेवण, बीपीची गोळी आठवली तर. "वेळ कुठाय" हे त्यांचं वाक्य. रिटायर व्हायच्या आधीच पॅरालिसिसचा झटका आला आणि मग पुढची सगळी वर्षं वेळच वेळ होता, कॉटवर. मला पन्नाशीत उपाशीपोटी शुगर १२६ च्या वर दोनदा आली तेव्हा तेच डोळ्यापुढे आलं. तेव्हापासून ५ ला उठतो. तुम्हाला ते वाक्य टोचलं, पण शरीर तुमची अडचण ऐकून घेत नाही. गाडी चुकेल, सासूबाई आहेत, सगळं खरं आहे, पण शुगरला त्याच्याशी काय घेणं?

आकडेबाज:
जरा आकडे टाकतो. २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेप्रमाणे घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज २८९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे जे पुरुष मुळात काही करतात त्यांचेच मोजून ८८. २०१९ च्या सर्व्हेत २९९ आणि ९७ होते, म्हणजे दोघांचं कमी झालं, फरक तिथल्या तिथेच. चूलमूल यांचा एक तास या २०० मिनिटांत अडकलाय.

कट्ट्यावरचा_बंड्या:
सर्व्हे ठेवा बाजूला. माझ्या घरी भांडी मी घासतो, कपडे मशीनला मी लावतो, मला कोणी विचारायला आलं नव्हतं.

हिरवी_मिरची:
बंड्याभाऊ, मशीनला लावता. वाळत कोण घालतं, घड्या कोण करतं?

चूलमूल, अगं तुझं सगळं पटलं, पण खरा शत्रू तू लिहिलाच नाहीस. गरम पोळी! आमच्याकडे सासऱ्यांना रात्री साडेआठला तव्यावरून थेट ताटात पोळी लागते. डब्यातली चालत नाही, दहा मिनिटांपूर्वीची पण चालत नाही, हाताला चटका बसला पाहिजे. आमच्या सोसायटीतल्या बायकांचा चालायचा ग्रुप आहे, तो आठला निघतो. मी सहा वर्षं गॅलरीतून त्यांना हात करत होते. शेवटी भांडून पोळ्यांच्या मावशी लावल्या, त्या आठला येतात, मी आठला निघते. सगळं सेल्फ केअर बिल्फ केअर त्या पोळीपाशी येऊन थांबतं. पोळी सुटली की बाई सुटली.

कट्ट्यावरचा_बंड्या:
पोळीभाजी केंद्र नावाचा प्रकार पुण्यात गल्लोगल्ली आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, येताना दहा पोळ्या घेऊन येतो, विषय संपला. उगाच पोळीचं राजकारण करू नका.

हिरवी_मिरची:
त्या केंद्राच्या पोळ्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर मारल्या तर पोपडा निघेल.

जर्सीकर:
गंमत वाटते वाचून. इकडे आमच्याकडे बाई नाही, मावशी नाही, सासू येते ती सहा महिन्यांच्या व्हिसावर. दोघं मिळून सगळं करतो, फ्रोजन पोळ्या इंडियन स्टोअरमधून आणतो, डिशवॉशर लावतो आणि तरी जिम होतं. भारतात तर प्रत्येक कामाला माणूस मिळतं. मग अडतंय कुठे? मला तर पहाटपक्षींचं म्हणणं बरोबर वाटतं, मानसिकता आहे.

चूलमूल:
अडतंय इथे की तुमच्या डिशवॉशरला "आज आईंना बरं नाही, थांबते का" असं विचारावं लागत नाही. आणि तुमच्याकडे फ्रोजन पोळी खाल्ली म्हणून कोणी ताटावरून उठून जात नाही. असो, जिमच्या शुभेच्छा.

मधली_सुट्टी:
मी सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. पण "पोळी सुटली की बाई सुटली" वाचून राहवलं नाही. कुठली बाई सुटली?

माझी आई पोळ्यांची कामं करते. पाच घरं. सकाळी तीन, संध्याकाळी दोन. ताई वॉकला जातात तेव्हा आई त्यांच्या ओट्यापुढे उभी असते. गुडघे गेलेत तिचे, डॉक्टर म्हणाले जास्त वेळ उभं राहू नका, तेव्हा आई हसली. एक दिवस गेली नाही तर तिथल्या बायकांचे फोन, "मावशी आधी सांगायचं ना, आता मी काय करू." घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, आईकडे नोंदणीचं कार्डही आहे, पण त्या कार्डाने तिला रविवार मिळाला नाही. घरी येऊन आमच्या पोळ्या. त्या कोण लाटणार, आम्ही लावू का मावशी?

तुमचा तास सापडला म्हणता तो हवेतून नाही सापडला. माझ्या आईकडून घेतलाय, महिन्याच्या हिशोबाने.

हिरवी_मिरची:
हे जरा जास्त होतंय. मी फुकट नाही करून घेत. वेळेवर पगार देते, दिवाळीला बोनस, साडी, आजारी पडल्या तर पगार कापत नाही. मी काम दिलं नाही तर त्यांचं घर चालेल का? प्रत्येक गोष्टीत अपराधी वाटून घ्यायचं तर मग बायकांनी चालायलाच जाऊ नये.

मधली_सुट्टी:
साडी नको, रविवार द्या. आईकडे साड्यांची ट्रंक भरलीय, नेसून जायला दिवसच नाही.

हिरवी_मिरची:
रविवारीच पाहुणे असतात हो आमच्याकडे.

मधली_सुट्टी:
आमच्याकडे पण आले असते. आई घरी नसते म्हणून येत नाहीत.

लॅबवाली:
नाशिकमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, रोज रक्त काढते, म्हणून लिहितेय. हिमोग्लोबिन ७ घेऊन बायका चालत येतात, जिना चढून. कधीपासून दम लागतो विचारलं तर "लागतोच की" म्हणतात. आमच्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, २०१९-२१ च्या पाहणीत ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघालाय. यात पाच घरं करणाऱ्या पण असतात आणि त्यांना कामाला लावणाऱ्या पण, मी दोघींचं रक्त काढते. गोळ्या मिळतात, त्या चहाबरोबर घेतात, चहाने लोह अंगी लागत नाही, मग "गोळ्यांनी काही झालं नाही" म्हणून बंद. ज्यांना हे वाचून आठवलं त्यांनी गोळी आणि चहात दीड-दोन तास ठेवा, लिंबूपाणी चालेल.

२०२२ च्या नवरात्रात सरकारने बायकांच्या तपासणीची मोहीम काढली होती, चांगली होती, गर्दीही झाली. नाव काय तर "माता सुरक्षित तर घर सुरक्षित". म्हणजे तपासून घ्यायचं तेही घरासाठी. नुसतं तुझं रक्त कमी आहे म्हणून ये, असं म्हटलं तर कोणी आलं नसतं बहुतेक. पहाटपक्षी, तुमच्या "स्वतःवर प्रेम" वाल्या वाक्याने तर एकही आली नसती.

पहाटपक्षी:
मान्य, मान्य. यापुढे "निव्वळ निमित्त" च्या जागी "बहुतेकदा निमित्त" असं वाचावे. झालं समाधान? पण ताई, त्या बायका जिना चढून तुमच्याकडे आल्या ना? म्हणजे वेळ निघाला. चक्कर येऊन पडल्यावर निघाला, आधी निघाला असता तर बरं, एवढंच मी बोंबलतोय.

एकटा_शिलेदार:
मगापासून वाचतोय, सगळं बायका आणि पोळ्या. पुरुषांना काही नसतंच का?

मी मिरजेला. आईला डिमेन्शिया. भाऊ बंगलोरला, तो पैसे पाठवतो आणि फोनवर सल्ले देतो. बायको दोन वर्षांपूर्वी माहेरी गेली, त्यात पडत नाही. ब्युरोमधून आया लावलीय, सकाळी ८ ते रात्री ८. रात्री मी. आई रात्री दोनला उठते आणि कडी काढून "मला घरी जायचंय" म्हणते, तिला तिच्याच घरात धरून ठेवावं लागतं. सकाळी स्टेशनरीचं दुकान उघडतो. माझी दाढ दुखतेय गेल्या पावसाळ्यापासून. रूट कॅनाल करायचंय, तीन-चार सिटिंग. लवंग धरून दिवस काढतोय. माझं सेल्फ केअर म्हणजे ती दाढ, बाकी बदाम वगैरे नंतर. चावताच येणार नाहीत तसे पण.

कट्ट्यावरचा_बंड्या:
आया असतेच ना दिवसा, मग जाऊन या की.

एकटा_शिलेदार:
दिवसा दुकान असतं. डेंटिस्ट ११ ला येतो, दुपारी बंद, परत ५ ते ८. शाळा सुटायच्या आणि दुकान चालायच्या वेळा त्याच.

पहाटपक्षी:
आठवड्यातून दोन तास शटर खाली केलं तर काही आभाळ कोसळत नाही. इथेच तर माणूस स्वतःला फसवतो.

एकटा_शिलेदार:
दुकान काय तुमच्या बापाचं आहे का? आयेचा पगार त्याच गल्ल्यातून जातो. जून महिन्यात दोन तास बंद ठेवलं तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं आणि तिथेच खातं लावतं, मग वर्षभर येत नाही. पाच वाजता उठायचं कौतुक आम्हाला सांगू नका, आम्ही झोपलेलोच नसतो.

चूलमूल:
भांडू नका. शिलेदार, तुमच्या धाकट्या बंधूंना बंगलोरहून आठवडाभर बोलवा. पैसे नकोत, रात्र दे म्हणा.

एकटा_शिलेदार:
मोठा आहे तो. आणि आला होता दिवाळीत. आईने त्याला ओळखलं, मला विचारलं तुम्ही कोण. दोन दिवसांनी गेला तो, त्याला सहन होईना म्हणाला.

जर्सीकर:
वाचून वाईट वाटलं. पण रात्रीसाठी सुद्धा आया लावता येईल ना? इकडच्या मानाने रेट काहीच नाहीत.

मधली_सुट्टी:
हो, लावा. ती आया रात्री तुमच्याकडे असेल तेव्हा तिच्या घरी तिच्या आईजवळ कोण असतं ते पण एकदा विचारा.

जर्सीकर:
मग कोणी कोणाला कामावरच ठेवू नये का? तुमच्या म्हणण्याला काही शेवट आहे की नाही?

मधली_सुट्टी:
ठेवा ना. सुट्टी लिहून द्या, बदली माणसाचे पैसे तुम्ही द्या आणि आजारी पडली तर "आता मी काय करू" हा प्रश्न तिला विचारू नका. एवढं अवघड आहे का?

लॅबवाली:
शिलेदार, काही डेंटिस्ट रविवारी सकाळी फोन करून वेळ ठरवली तर बसतात, विचारून बघा. आणि दाढेवर लवंग तेल रोज रोज लावू नका, हिरडी भाजते.

एकटा_शिलेदार:
रविवारी आयेची सुट्टी असते. (मधली_सुट्टी, मी देतो, बघा.)

आकडेबाज:
मूळ विषय स्वतःची काळजी असा होता, याची नम्र आठवण.

कट्ट्यावरचा_बंड्या:
मूळ विषय पोळी होता.

हिरवी_मिरची:
धागा वर काढतेय. मावशींना रविवारची सुट्टी दिली. उपकार म्हणून नाही, मधली_सुट्टीने डोकं खाल्लं म्हणून. परिणाम काय तर पाहुण्यांसकट पोळ्या मी लाटल्या आणि माझं चालणं बुडालं. आता सांगा.

मधली_सुट्टी:
घरात अजून किती माणसं आहेत?

हिरवी_मिरची:
नवरा, मुलगा, सासरे. मुलाची बारावी आहे. नवऱ्याने एक लाटली, तिचा नकाशा झाला, सासरे म्हणाले राहू दे रे, तू कशाला.

चूलमूल:
आणि सासरे स्वतः? बसल्या बसल्या कणिक तरी मळतील.

हिरवी_मिरची:
त्यांची बायपास झालीय गं.

लॅबवाली:
कधी?

हिरवी_मिरची:
२०१४ ला.