कूलर आणि आमचा माठ
नागपूरला गारवा देणारा कूलर रत्नागिरीत नुसती चिकचिक का वाढवतो, असं विचारलंय. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. कोकणच्या दमट हवेत ते फारसं उडतच नाही. आमच्या कोल्हापुरात दोन्ही तऱ्हा बघायला मिळतात. मार्चमध्ये हवा कोरडी, माठाच्या पोटाला हात लावला की गारेगार. मेमध्ये वळवाचे ढग दाटले की तोच माठ बाहेरून ओलाचिंब राहतो, आतलं पाणी मात्र कोमट! अशा दिवशी आई कूलरचं पाणी बंद करते आणि समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडते. रत्नागिरीतही हेच करा, खोलीतून वारा आरपार जाऊ द्या. आणि घामाच्या धारा लागल्या असतील तर ताकात मीठ घालून प्या, नुसत्या पाण्यावर राहू नका.