मेथोट्रेक्सेट: आठवड्याची गोळी

आईला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलंय आणि नेटवर ते कॅन्सरचं औषध दिसतंय, म्हणून धास्ती वाटते, असा प्रश्न एकांनी विचारलाय. औषध तेच, पण मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक. आमवातात साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच.

धोका आहे तो या 'एकदाच'मध्ये. चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी घसरतात, जिवावर बेततं. माझ्या सासूबाईंच्या पाकिटावर मेडिकलवाल्याने सवयीने 'रोज रात्री १' लिहून दिलं होतं. गोळ्या बीपीच्या डब्यात सातही खणांत भरूनसुद्धा झाल्या होत्या! नशीब, त्याच संध्याकाळी नणंदेने चिठ्ठी पुन्हा वाचली. तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारी लाल पेनाने 'मे' आणि बुधवारी 'फॉ'. फॉ म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून ते देतात.

गोळीनंतर एखादा दिवस मळमळ, थकवा येतो, त्याचं फार नाही. पण तोंड आलं, ताप, कोरडा खोकला किंवा धाप लागली तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना फोन. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) या तपासण्या कंटाळा करून टाळू नका. आणि लघवीच्या इन्फेक्शनसाठी दुसऱ्या कुणाकडे गेलात तर 'मेथोट्रेक्सेट चालू आहे' हे आधी सांगा, कारण कोट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक त्यासोबत चालत नाही.

गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात हेही आईंना सांगून ठेवा, नाहीतर महिन्याभरात 'काही उपयोग नाही गं' सुरू होतं.